खुंट चुकला की डोकं जातं: लाल कॅक्टसच्या एका कलमाचं प्रकरण

लाल डोक्याचा कॅक्टस बहुतेकांनी पाहिलेला असतो. खाली तीन कडांची हिरवी कांडी, वर लिंबाएवढा लाल, पिवळा किंवा केशरी गोळा. नर्सरीवाले त्याला मून कॅक्टस म्हणतात. कुंडीत एक दिसत असलं तरी ती झाडं दोन असतात, आणि घेणाऱ्याचं सगळं लक्ष वरच्याकडे असतं. मरतं मात्र ते जवळजवळ नेहमी खालून. पुढचं प्रकरण नाशिकमधलं आहे. त्यात आधी दोन कलमं फसली आणि दोन्हींची कारणं कापून बघता आली. नंतर जी बसली, त्यांत कोणता खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड, कसा वागला हे पुढच्या पावसाळ्यापर्यंत डोळ्यांसमोर होतं. इतका सलग प्रकार एकाच घरात क्वचित मिळतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

झाड आणि माणूस

झाड शेजारच्या काकांचं. दिंडोरी तालुक्यात त्यांची द्राक्षबाग. आता पुतणे बघतात आणि काका-काकू शहरात असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये डॉगरिजची खुंटरोपं लावायची आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांवर थॉमसन द्राक्षाची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची, यात त्यांची निम्मी हयात गेलेली. पाणी खारवटलं, पावसानं ओढ दिली, तेव्हा आपल्याकडच्या द्राक्षाला टेक्सासहून आलेल्या या रानटी वेलाच्या मुळांनी तारलं, हे ते कुणालाही उभ्या उभ्या समजावून सांगतात. थोडक्यात, खुंटाचं महत्त्व या माणसाला मी शिकवावं अशी परिस्थिती नव्हती.

कॅक्टस काकूंना भेट मिळालेला. वर गर्द लाल गोळा, त्याला कडेनं चार पिल्लं. खाली जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा खुंट. कुंडीत घट्ट दाबलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर गोंदानं चिकटवलेले पांढरे खडे. पावसाळ्यात ती कुंडी गच्चीच्या कठड्यावर राहिली. श्रावण संपता संपता खुंट पिवळा पडला आणि मातीलगत तपकिरी होऊन मऊ झाला. वरचा गोळा तेव्हाही टवटवीत होता. हा नेहमीचा क्रम आहे. गोळ्यात साठलेलं पाणी त्याला आठवडेच्या आठवडे ताजा दाखवतं, आणि घरच्यांना वाटतं की झाड ठीक आहे.

काकांनी ताबडतोब हालचाल केली. गोळा कापून घेतला, सडका खुंट कचऱ्यात टाकला, पुतण्याकडून शेताच्या बांधावरचा तिधारी निवडुंग मागवला, आणि द्राक्षाच्याच चाकूनं त्यावर पाचर कलम केलं. कलमपट्टी गुंडाळली. काही दिवसांनी पट्टी सोडली तर गोळा हातात आला. त्याच्या खालच्या बाजूला पांढऱ्या, रबरासारख्या वाळलेल्या चिकाचा थर होता आणि चिरेच्या आत गर काळा पडला होता. चारही पिल्लं मात्र टणक होती.

मग त्यांनी एक पिल्लू काढून ड्रॅगन फ्रूटच्या फांदीवर बसवलं. तेही सुकलं. मला बोलावणं आलं ते त्यानंतर, पिल्लं तीनच उरलेली असताना.

डोक्याला खुंट का लागतो

हे झाड मुळात पॅराग्वे आणि त्याला लागून असलेल्या अर्जेंटिनाच्या भागातलं. जिम्नोकॅलिशियम मिहानोविची हे त्याचं नाव. तिथं ते करडं-हिरवं, बुटकं, झुडपांच्या सावलीत राहणारं असतं, आणि स्वतःच्या मुळांवर सुखानं जगतं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये वातानाबे नावाच्या रोपवाटिकाकाराला बियांपासून उगवलेल्या रोपांत काही रोपं लाल दिसली. त्यांत हरितद्रव्यच नव्हतं. कॅक्टसमध्ये बीटालेन नावाची लाल-पिवळी रंगद्रव्यं असतात. बिटाचा रंगही त्याच रंगद्रव्यांचा. एरवी ती हिरव्याखाली झाकलेली राहतात. हिरवं गेलं की तीच उरतात. असं रोप स्वतःचं अन्न करू शकत नाही आणि बीजातला साठा संपला की मरतं. वातानाबेंनी ती रोपं दुसऱ्या हिरव्या कॅक्टसवर चढवली आणि ती जगली. आज जगभर विकला जाणारा प्रत्येक पूर्ण लाल गोळा असाच कुणाच्या तरी डोक्यावर बसून जगतो. या कलमांचं सर्वात मोठं उत्पादन आता दक्षिण कोरियात होतं.

काकूंनी विचारलं होतं, की पिल्लू नुसतं मातीत लावलं तर? मुळं एखादवेळी फुटतीलही. जेवण कोण करणार? ज्यांच्या अंगावर हिरवे-काळपट पट्टे असतात अशी दुरंगी झाडं स्वतःच्या मुळांवर हळूहळू जगू शकतात. काकूंची पिल्लं नखशिखान्त लाल होती.

तिधारी का चालला नाही

काकांचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता: "तीन धारा याला, तीन धारा त्याला. काटे दोघांना. मग अडलं कुठं?"

दुकानातला खुंट ड्रॅगन फ्रूटचा असतो. तो कॅक्टस कुळातला, मूळचा अमेरिका खंडातला. आपल्या बांधावरचा तिधारी निवडुंग म्हणजे युफोर्बिया. तो इथलाच, आणि त्याचं कुळ एरंडाचं. कोरड्या हवेत पाणी साठवायची गरज दोघांना पडली म्हणून दोघांची खोडं सारखी दिसायला लागली. नातं काहीच नाही. कलम जुळायचं तर दोन्ही झाडांच्या पेशींनी एकमेकींना आपलं म्हणावं लागतं, आणि कुळाबाहेर ते जवळपास कधीच घडत नाही. लिंबाच्या खुंटावर आंबा लावायचा विचार काका स्वप्नातही करणार नाहीत. इथं रूप सारखं असल्यामुळे फसगत झाली, आणि ती फार जणांची होते.

ओळख सोपी आहे. टोचून बघा. पांढरा दुधासारखा चीक आला तर तो कॅक्टस नाही. कॅक्टसमधून निघतं ते पाणीदार, थोडं बुळबुळीत. काही थोड्या कॅक्टसनाही दूध येतं, पण खुंटासाठी आपण जे वापरतो त्यांना येत नाही. दुसरी खूण काट्यांच्या बुडाशी. कॅक्टसचे काटे एका लहानशा लोकरी गादीतून निघतात, झुबक्यानं. तिधारीचे काटे कडेवर जोडीजोडीनं असतात आणि ती गादी नसते. चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. काकांनी उघड्या हातांनी आणि चष्म्याशिवाय तो कापला होता, यावर काकू त्यांना अजून बोलतात.

ड्रॅगनवरचं दुसरं कलम मला जास्त शिकवणारं वाटलं, कारण तिथं खुंट बरोबर होता आणि हातही कसलेला होता. सुकलेलं पिल्लू खुंटाच्या एका कडेला, सालीला साल लावून बसवलेलं होतं. द्राक्षात हेच करतात. वेलाच्या सालीलगतच वाढीचा जिवंत थर असतो, म्हणून काडी आणि खुंट यांची जाडी वेगळी असली तर निदान एका बाजूची साल जुळवून घ्यायची, हा नियम. कॅक्टस आडवा कापला की चित्र वेगळं दिसतं. बाहेर हिरवी साल, मग जाड पाणीदार गर, आणि त्या गराच्या मधोमध एक फिकट वर्तुळ. अन्नपाणी नेणाऱ्या नळ्या आणि वाढीचा थर त्या वर्तुळात असतो. सालीला साल लागली आणि वर्तुळं एकमेकांपासून बोटभर लांब राहिली, तर पिल्लू खुंटावर बसूनही उपाशी असतं.

मी पुतण्याकडून आलेल्या ड्रॅगन फ्रूटच्या फांदीचा एक तुकडा कापून काकांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, मधल्या वर्तुळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे याचा जीव पोटात आहे." त्यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही.

पाचरीबद्दलही एक सांगायला हवं. कॅक्टसमध्ये पाचर अजिबात चालत नाही असं नाही. ख्रिसमस कॅक्टससारख्या चपट्या पानोळ्यांना ती चालते, कारण तिथं वर्तुळाऐवजी मधून जाणारी शीर असते आणि पातळ तुकडा चिरेत नीट बसतो. गोल, गुबगुबीत डोक्याला पाचर म्हणजे उगाच वाढवलेली जखम. त्याला सपाट काप लागतो.

कोणता खुंट

पिल्लं कापून सावलीत कोरडी ठेवली तर काही आठवडे तग धरतात, त्यामुळे घाई एका रात्रीची नव्हती. अंतिम मुदत थंडीची होती. कलम जुळायला झाड वाढीत असावं लागतं आणि हवा उबदार पण कोरडी हवी. पावसाळ्यातली दमट हवा कापलेल्या गराला बुरशी लावते. नाशिकला डिसेंबर उजाडला की ड्रॅगनचा खुंट आखडतो. शेजारच्या निफाडला तर पारा कधीकधी ५ अंशांच्या आसपास जातो आणि द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. मधली पट्टी ऑक्टोबरची. फेब्रुवारी-मार्च त्याहून चांगला, पण पिल्लं तेवढी थांबली नसती.

ड्रॅगन फ्रूटचा खुंट पुतण्याकडे फुकट होता. त्यानं सिमेंटच्या खांबांवर थोडं क्षेत्र लावलं आहे, आणि छाटणीच्या फांद्यांना मुळं फुटवून पिशव्यांत ठेवलेली रोपं तयार होती. सोलापूर-सांगलीकडे हे पीक वाढल्यापासून घरगुती हौशी माणसाची ही मोठी सोय झाली आहे. २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तडसरचं ड्रॅगन फ्रूट दुबईला गेल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. त्याच बागांमधल्या छाटलेल्या फांद्या कॅक्टसवाल्यांच्या कामाच्या असतात. हा खुंट लवकर जुळतो आणि डोक्याला भरभर वाढवतो. उणी बाजू अशी, की १० अंशांच्या खाली त्याला त्रास होतो, माती ओली राहिली तर तो बुडाशी सडतो, आणि फार वर्षं टिकत नाही.

दुसरा पर्याय सेरियसचा. बंगल्यांच्या कुंपणाला उंच, निळसर-हिरवा, पाच-सहा कडांचा उभा कॅक्टस असतो तो. रात्री मोठी पांढरी फुलं येतात. तो थंडी सोसतो, खोड जाड असतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. वाढ मात्र संथ. एका ओळखीच्या घरून त्याचं मुळं धरलेलं रोप मिळालं.

मेक्सिकोचा मिर्टिलोकॅक्टस अनेक जण वापरतात, मलाही तो आवडतो, पण त्याचं थंडीशी ड्रॅगनसारखंच वाकडं आहे आणि त्या आठवड्यात तो मिळालाही नाही. पेरेस्किओप्सिस हा पानं असलेला बारीक कॅक्टस आठवड्या-पंधरवड्याच्या नाजूक रोपांसाठी अप्रतिम. दोन सेंटिमीटरच्या पिल्लाला त्याची कांडी पुरली नसती.

काकांनी बांधावरच्या फड्या निवडुंगाचंही नाव काढलं. फड्या खरा कॅक्टस आहे आणि कलम धरतो. पण त्याचे केसासारखे बारीक काटे बोटांत रुततात ते दिसतही नाहीत, आणि रानातल्या फड्यावर पांढऱ्या कापसासारखी कोचिनील कीड असण्याची शक्यता असते. तिचा आपल्याकडचा इतिहास गमतीचा आहे. लाल रंग देणारा किडा समजून १७९५ मध्ये ब्राझीलहून तिचा चुकीचा प्रकार भारतात आणला गेला. रंग काही मिळाला नाही, पण माजलेल्या फड्याचा एक प्रकार तिनं खाऊन संपवत आणला. घरच्या गच्चीवर ती आणायची गरज नव्हती.

ठरलं असं: दोन पिल्लं ड्रॅगनवर, एक सेरियसवर.

उंचीवरून थोडा वाद झाला. दुकानातला खुंट बोटभर असतो कारण तो खोक्यात बसावा लागतो आणि टेबलावर गोंडस दिसावा लागतो. पण वरच्या लाल गोळ्याच्या वाटचं अन्न करणारा हिरवा भाग तेवढाच असतो. गोळा वाढत जातो, हिरवं तेवढंच राहतं, आणि दोन-तीन वर्षांत खुंट रिता होतो. म्हणून मी पंधरा ते अठरा सेंटिमीटर खुंट ठेवायला सांगितला. काकू म्हणाल्या, काठीला टोपी घातल्यासारखं दिसेल. दिसतंच तसं.

कलमाचा दिवस

पाऊस पूर्ण थांबून ऊन तापायला लागल्यावर सकाळी काम केलं. खुंटांना दोन दिवस आधी भरपूर पाणी दिलं होतं, म्हणजे गर ताठ राहतो. पिशव्यांतली रोपं त्याआधीच कडक प्लॅस्टिकच्या कुंड्यांत हलवली होती, कारण रबर बँड कुंडीच्या खालून घ्यायचं असतं आणि पिशवी त्यात चेपते. माती अशी: जाड वाळू आणि विटांचा चुरा मिळून निम्म्याहून जास्त, बाकी पोयटा आणि थोडं मुरलेलं शेणखत. कोकोपीट नाही.

काकांचा कलमाचा चाकू उत्तम होता, पण त्याचं पातं जाड. कॅक्टसचा गर चिरडला तर तिथून सडतो, म्हणून कटरची नवी पाती घेतली आणि प्रत्येक कापानंतर सर्जिकल स्पिरिटनं पुसली.

ड्रॅगनचा शेंडा तीन-चार सेंटिमीटर उडवला. पातं लोण्यातून गेल्यासारखं जायला हवं. करकर आवाज आला तर मधला भाग लाकडी झालेला असतो आणि वर सरकावं लागतं. अगदी शेंड्याला कापलं तर वर्तुळ नीट तयारच झालेलं नसतं. वर्तुळ स्पष्ट दिसलं की तिन्ही कडा तिरप्या छाटायच्या, पेन्सिलीला टोक करताना जेवढा उतार देतो त्याहून थोडा कमी. हे नंतर महत्त्वाचं ठरलं, म्हणून कारण इथंच सांगते. कापलेला गर सुकताना आकसून खाली बसतो, साल मात्र आकसत नाही. कडा छाटल्या नाहीत तर काही दिवसांत मध्ये खळगा पडतो, कडा उभ्या राहतात, आणि वरचं डोकं उचललं जातं.

छाटून झाल्यावर वरून आणखी एक कागदासारखी पातळ चकती कापून ती तशीच जागेवर राहू द्यायची, म्हणजे खालचा ताजा काप उघडा पडत नाही. मग पिल्लू घ्यायचं, त्याच्या बुडाचा वाळलेला भाग ताजा गर आणि वर्तुळ दिसेपर्यंत काढायचा. चकती सरकवून टाकायची, पिल्लू ठेवायचं, हलकं फिरवायचं, म्हणजे मधली हवा निघते. पिल्लाचं वर्तुळ खुंटाच्या वर्तुळापेक्षा लहान असतं. दोन्ही अगदी मधोमध ठेवली तर लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात पडतं आणि कुठंच स्पर्श होत नाही. म्हणून पिल्लू जरा एका अंगाला सरकवायचं, म्हणजे वर्तुळं निदान दोन जागी एकमेकांना छेदतात. नवशिक्याचा जीव इथं खालीवर होतो, कारण असं ठेवलेलं पिल्लू वाकडं दिसतं. दिसू द्यावं.

दोन रबर बँड, एकमेकांना आडवे, कुंडीच्या बुडाखालून. दाब किती? पिल्लू बोटानं ढकललं तर सरकू नये, पण त्याच्या अंगात बँड रुतू नये. काकांना त्यावर कलमपट्टी गुंडाळायची होती. द्राक्षात ओल टिकवायला ती हवीच. कॅक्टसच्या डोक्यात स्वतःचं पाणी भरपूर असतं. पट्टीच्या आत वाफ धरते आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. सांध्यावर हळद, दालचिनी, बुरशीनाशक यांतलंही काही लावायचं नाही. पावडर दोन्ही कापांच्या मधे गेली की तीच भिंत होते. खुंटाच्या छाटलेल्या कडांवर बाहेरून लावली तर हरकत नाही.

पहिलं ड्रॅगन कलम मी केलं, दुसरं आणि सेरियसचं काकांनी. कुंड्या बागेतून आणलेल्या हिरव्या शेडनेटखाली, उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवल्या. आठ-दहा दिवस वरून पाण्याचा थेंब नाही. कुंडीत द्यायचं तेही कडेनं आणि बेतानं.

बँड सुटल्यावर

दहाव्या दिवशी बँड काढले. माझं ड्रॅगनवरचं पिल्लू घट्ट बसलं होतं आणि त्याच्या अंगावर बारीक तकाकी आली होती. तकाकी आणि फुगीरपणा ही सर्वात भरवशाची खूण. सेरियसवरचं घट्ट होतं, पण थोडं सुरकुतलेलं. काकांना वाटलं ते गेलं. सेरियस सावकाश जुळतो. सुरकुती आठवडाभर जास्त राहिली तरी उपटायची घाई करू नये.

काकांचं ड्रॅगनवरचं पिल्लू मात्र बँड सुटताच डुललं. उचलून पाहिलं तर तेच: दोन कडा नीट छाटलेल्या, तिसरीवर काट्यांची गादी आल्यामुळे ती तशीच सोडलेली. सुकताना ती कड उभी राहिली आणि तिनं पिल्लाला एका बाजूनं उचललं. वर्तुळांवर वाळलेली पापडी होती, पण आत दोन्हीकडे गर हिरवा आणि लाल, स्वच्छ. सड नव्हती. अशा वेळी पिल्लू फेकून देणारे मी पाहिले आहेत. खरं तर खुंट अर्धा सेंटिमीटर खाली कापला, पिल्लाचं बूड पातळ काढलं, आणि तिसरी कड गादीसकट उडवून पुन्हा बांधलं की काम होतं. काकांनी ते त्याच बैठकीत केलं, आणि या वेळी ते बसलं.

थंडीत अपेक्षेप्रमाणे ड्रॅगनचे दोन्ही खुंट फिकटले, त्यांवर पिवळट-तांबूस झाक आली. ते दिवाणखान्यातल्या पूर्वेच्या खिडकीत गेले, पाणी जवळजवळ बंद. सेरियस गच्चीवरच राहिला, त्याला काही झालं नाही. होळीनंतर ड्रॅगनवाले सुटले. दोन्ही डोकी झपाट्यानं वाढली, एकाला तर कडेनं नवी पिल्लं फुटली. सेरियसवरचं पिल्लू तेव्हा कुठं भरायला लागलं होतं. त्या घडीला कुणीही ड्रॅगनच चांगला म्हटलं असतं.

मे महिन्यात काकांना रंग खाली उतरेल का असा प्रश्न पडला. उतरत नाही, लाल लालच राहतं आणि हिरवं हिरवंच. अगदी क्वचित सांध्याच्या जागीच दोघांच्या पेशी मिसळलेला फुटवा येतो. ड्रॅगन आणि या जिम्नोकॅलिशियमच्या अशा मिश्रणाला हायलोकॅलिशियम असं वेगळं नावही दिलं गेलं आहे. काकांनी तेव्हापासून सांधे भिंगातून तपासायला सुरुवात केली आहे, त्याला माझा इलाज नाही.

पावसाळ्यात परीक्षा झाली. कुंड्या पत्र्याखाली होत्या, तरी एका ड्रॅगनच्या खुंटाला बुडाशी करंगळीच्या नखाएवढा तपकिरी डाग पडला. आदल्या वर्षी काकांनी गोळा कापून खुंट फेकला होता. या वेळी डोक्याला हात न लावता खुंटच डागाच्या वर कापला. कापात मधल्या वर्तुळात नारिंगी ठिपके दिसले, म्हणजे सड नळ्यांतून वर चढत होती. पातं पुसून आणखी वर कापलं, परत ठिपके. तिसऱ्या कापाला वर्तुळ स्वच्छ निघालं. डोक्याखाली नऊ-दहा सेंटिमीटर निरोगी खुंट शिल्लक होता. तो आठवडाभर सावलीत टांगून काप कोरडा केला आणि नुसत्या वाळूत उभा केला. ड्रॅगनला उबदार हवेत मुळं पटकन फुटतात. महिन्याभरात ओढून पाहिलं तर धरलेला. पहिल्या झाडाचा खुंट मुळातच सात-आठ सेंटिमीटरचा होता. त्यात असे तीन काप बसायला जागाच नव्हती. तरीही तो फेकण्याआधी एकदा कापून बघायला हवा होता, हे काका आता स्वतःच सांगतात.

एका गोष्टीवर आमचं जमलेलं नाही. खुंटाला स्वतःचे फुटवे येतात. द्राक्षवाला डॉगरिजचा फुटवा दिसला की खुडतो, कारण ठेवला तर रानटी वेल वरचढ होतो. काका इथंही तेच करतात, आणि ड्रॅगनवर ते बरोबरच आहे. तो फुटवा डोक्याच्या तोंडचा घास पळवतो. सेरियसवर मात्र एक फुटवा आखूड ठेवून वाढू द्यावा असं माझं मत आहे. डोक्यात हरितद्रव्य शून्य, खुंट संथ. थोडं हिरवं वाढलं तर डोक्यालाच मिळेल. काका म्हणतात, "फुटवा ठेवला की खुंट शेफारतो." सेरियसवरचं डोकं आज तिघांत सर्वात लहान, पण सर्वात टणक आहे आणि त्याच्या खुंटाला अजून एकही डाग नाही.

आता ड्रॅगनवरच्या डोक्यांची नवी पिल्लं काढण्याएवढी मोठी झाली आहेत. काकांनी सेरियसच्या फांद्या तोडून मुळं फुटायला वाळूत लावल्या आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांवर पिल्लं चढतील. एका खुंटावर फुटवा ठेवायचा, बाकीच्यांवर खुडायचा, इतक्यावर तडजोड झाली आहे.